घड्याळजीच्या घरातलं कपाट : हार्लेमच्या कोरी टेन बोम म्युझियमचा सहकुटुंब रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी पाच. पण बरोबर गुडघेदुखीवालं कुणी असेल तर आधी जिन्याचा भाग वाचा आणि मग बुकिंग करा.

झालं असं की आई-अप्पा यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे हॉलंडात, ॲम्स्टेलवेनला आले होते. ट्युलिप झाले, पवनचक्क्या झाल्या, कालव्यातली बोट झाली, ॲन फ्रँकचं घर मात्र राहिलं, कारण त्याची तिकिटं दर मंगळवारी निघतात आणि ती सहा आठवडे पुढची असतात, आणि मी बघायला गेले सहा दिवस आधी, चूक सर्वस्वी माझी. मग ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली की तुझे वडील घड्याळवाले ना, मग त्यांना हार्लेमला ने, तिथे दुसऱ्या महायुद्धात एका घड्याळजीच्या घरात जर्मनांपासून ज्यू लोक लपवले होते आणि ते घर अजून आहे. मी म्हटलं घड्याळजी म्हटलं की अप्पा बाकी काही विचारणार नाहीत, आणि तसंच झालं. आईने मात्र विचारलं, लिफ्ट आहे का. नाहीये.

अप्पांबद्दल थोडं सांगावं लागेल. अलिबागला त्यांचं चाळीसेक वर्षं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, बाजारातला एक गाळा, काचेचा एक शोकेस, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि मागच्या भिंतीवर लोकांची दुरुस्तीला आलेली लंबकाची घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. एचएमटीची जनता आणि कांचन खोलून साफ करणं हा त्यांचा मुख्य धंदा, मग सेलवाली घड्याळं आली, मग मोबाईल आला, पुढचं तुम्हाला माहितीये.

आम्ही ३०० नंबरच्या बसने गेलो, ती ॲम्स्टेलवेनवरून सरळ हार्लेमला जाते, ॲमस्टरडॅमवरून येत असाल तर ट्रेनने वीस मिनिटांच्या आत. पत्ता बार्टेलयोरिसस्ट्राट १९, मोठ्या चौकाला लागूनच बाजाराची गल्ली आहे, कपड्यांची, बुटांची दुकानं, एकदम लक्ष्मी रोड. त्यात एक कोपऱ्यावरचं अरुंद घर आणि खाली आजही घड्याळांचं नि दागिन्यांचं दुकान. म्युझियमचं दार पुढून नाही, बाजूच्या बोळातून आहे. टूर गाईडबरोबरच करायची असते, साधारण तासाभराची, डच आणि इंग्रजीत, प्रवेश फुकट, जाताना इच्छा असेल ते पेटीत टाकायचं. फुकट आहे म्हणून वेळेवर जाऊन घुसू असं करू नका, ऑनलाइन आधी वेळ घ्यावी लागते, ग्रुप छोटे असतात आणि ते का छोटे असतात ते आत गेल्यावर कळतं.

आता घर. हे दुकान १८३७ मध्ये विलेम टेन बोम यांनी काढलं. त्यांचा मुलगा कॅस्पर, तोही घड्याळजी, आणि कॅस्परची धाकटी मुलगी कोरी, ती १९२२ मध्ये हॉलंडमधली पहिली परवानाधारक बाई घड्याळजी झाली. थोरली बेट्सी घर सांभाळायची. दोघी बहिणींची लग्नं झालेली नव्हती, पन्नाशीच्या आसपासच्या बायका आणि ऐंशी ओलांडलेले वडील, १९४० च्या मे महिन्यात जर्मन घुसले तेव्हा घरात राहत होते ते एवढेच तिघं. हे मला आधी माहीत नव्हतं. भूमिगत चळवळ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तरणीताठी पोरं, सायकली, पिस्तुलं असलंच काहीतरी यायचं. इथे तीन म्हातारी माणसं आणि एक घड्याळाचं दुकान.

अप्पांना सगळ्यात आवडलं ते कॅस्परचं सोमवारचं काम. दर सोमवारी तो ट्रेनने ॲमस्टरडॅमला जायचा, नौदलाच्या वेधशाळेतली अचूक वेळ आपल्या घड्याळात घेऊन यायचा आणि मग दुकानातली घड्याळं त्याप्रमाणे लावायचा. अप्पा मला हळूच म्हणाले, बाय, मी रेडिओच्या टिक टिकवर लावायचो, हा माणूस तर ट्रेनने जायचा. म्हणजे अप्पांच्या लेखी कॅस्परला तिथेच शंभर मार्क मिळाले, माणसं लपवण्याचा विषय अजून निघायचाच होता.

तो निघाला तो असा. समोर फरच्या कपड्यांचं एका ज्यू माणसाचं दुकान होतं, ते १९४१ मध्ये जर्मन सैनिकांनी उधळलं, माल रस्त्यावर फेकला, आणि या बहिणींनी पळत जाऊन त्याला आत घेतलं, त्याच्या बायकोला निरोप पोचवायची आणि दोघांची लपायची सोय लावली. पुढच्या वर्षी मे महिन्यात एक बाई पेटी घेऊन दारात उभी. तिला कळलं होतं की तुम्ही मदत करता. बस, ही सुरुवात. कुणी मीटिंग घेतली नाही, ठराव केला नाही. एका माणसाची सोय लावली की त्याच्यामागून दुसरा येतो, हे ज्याच्या घरी गावाकडचे पाहुणे उतरतात त्याला वेगळं सांगायला नको. आणि त्या वेळी हॉलंडात साधारण १ लाख ४० हजार ज्यू होते, त्यातले १ लाखाहून जास्त मारले गेले, तेव्हा दारावर येणाऱ्यांची कमी नव्हती. डच भाषेत लपून राहणाऱ्याला 'ओंडरडाउकर' म्हणतात, म्हणजे पाण्याखाली बुडी मारलेला. मी पाच वर्षं इथे राहते आणि हा शब्द मला त्या दिवशी कळला.

आईचा प्रश्न वेगळाच, ती गाईडबाईंना मला मधे घालून विचारते, एवढ्या माणसांना जेवायला काय घालायचे? आणि मला वाटलं होतं की हा घरगुती प्रश्न आहे, तर नाही, तोच मुख्य प्रश्न निघाला. सगळं रेशनवर. लपलेल्या माणसाला रेशन कार्ड नाही, कारण कागदावर तो माणूसच नाही. म्हणजे जागा मिळाली तरी उपाशी मरणार. कोरीच्या ओळखीचा एक माणूस अन्न खात्याच्या ऑफिसात होता, ती त्याच्याकडे गेली, मनात पाच कार्डं मागायचं ठरवून गेली आणि तोंडातून निघालं शंभर. आणि त्याने दिली! कशी दिली, तर ऑफिसात चोरीचं नाटक रचलं, खरं वाटावं म्हणून स्वतः मार खाऊन घेतला. ही कार्डं मग जिन्याच्या खालच्या पायरीत, फळी उचलली की आत पोकळी, तिथे ठेवायचे. रेशनच्या रांगेत आयुष्य गेलेल्या आईला हे सगळ्यात जास्त पटलं, भिंतीमागच्या खोलीपेक्षाही. परत येताना बसमध्ये ती त्या ऑफिसातल्या माणसाबद्दलच बोलत होती, की त्याच्या बायकोने काय म्हटलं असेल सुजलेलं तोंड बघून.

आणि घड्याळाचं दुकान. हे गाईडने सांगितलं त्यापेक्षा अप्पांनी जास्त चांगलं सांगितलं म्हणून त्यांच्याच शब्दात लिहिते. घड्याळवाल्याकडे कुणीही येतं. साहेब येतो, कोळीण येते, पोलीस येतो, शाळेतलं पोर येतं. दिवसातून दोनदा आलं तरी कुणी विचारत नाही, कारण घड्याळ एका फेरीत कधी दुरुस्त होतच नाही. आणि येणारा हातात पुडी घेऊन येतो आणि पुडी घेऊन जातो, त्यात काय आहे कोण बघतंय. मी तर थक्कच झाले, कारण हे लोक अगदी असंच करायचे. फोनवर बोलायचं तेसुद्धा दुकानाच्या भाषेत. कोरीने लिहून ठेवलंय, एकदा निरोप आला की आमच्याकडे एक पुरुषाचं घड्याळ आहे, कुणी दुरुस्तीला घेत नाही, त्याची डायल फार जुन्या वळणाची आहे. तिच्या इंग्रजी पुस्तकात 'फेस' शब्द आहे, तो डायललाही चालतो आणि चेहऱ्यालाही, म्हणजे ज्याच्या तोंडावरून तो ज्यू आहे हे चटकन कळेल असा माणूस, त्याला ठेवायला कुणी धजत नाही. ते घड्याळ यांनी ठेवून घेतलं. त्याचं नाव मेयर मोसेल, सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारा, घरात सगळे युसी म्हणायचे. त्याचा किस्सा पण भारी आहे, पहिल्यांदा जेवायला डुकराच्या मांसाचं सॉसेज आलं, कुपनवर दुसरं काही मिळालंच नव्हतं, तर हा म्हणतो की अशा प्रसंगासाठी आमच्या धर्मग्रंथात नक्की सूट आहे, कुठे आहे ते मी जेवण झाल्यावर शोधायला लागतो. आई हसायची थांबेना, म्हणे आपल्याकडे पण चतुर्थीला अशी सूट शोधणारे आहेत, आणि अप्पांकडे बघितलं.

आमच्याकडे ज्यू म्हटलं तर परका माणूस नव्हे, हे इथे गाईडबाईंना सांगताना मला जरा बरं वाटलं. अलिबागला इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे, बेने इस्रायल लोकांना जुनी माणसं शनिवार तेली म्हणायची, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. मराठी बोलणारी माणसं, बरीचशी नंतर इस्रायलला गेली. अप्पांची काही गिऱ्हाइकं त्यातली. बाईंना हे ऐकून एवढं आश्चर्य वाटलं की मागची टूर ताटकळली.

मग वरचा मजला. जिना म्हणजे खरोखर जिना, गोल गोल, अरुंद, उंच पायऱ्या, मूळ दोन वेगळी घरं जोडून एक केलेलं आहे त्यामुळे एकाचा मजला दुसऱ्याच्या मजल्याला जुळत नाही, मधेच तीन पायऱ्या वर, मधेच वळण. आई दोरी धरून चढली आणि शंभरदा देवाचं नाव घेतलं. पण गंमत अशी की याच वेड्यावाकड्या बांधणीमुळे हे घर निवडलं गेलं, कुठली खोली किती लांब आहे याचा बाहेरच्या माणसाला अंदाजच येत नाही. जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीने एक आर्किटेक्ट पाठवला, त्याने सगळ्यात वरची कोरीची झोपायची खोली पसंत केली, कारण झडती घेणारे वर पोचेपर्यंत लपायला तेवढाच वेळ मिळतो. खोलीच्या टोकाला विटांची खोटी भिंत बांधली. लाकडाची नाही, कारण लाकूड ठोकलं की पोकळ वाजतं. विटा एकदम आणल्या तर दिसतील म्हणून कामगार ब्रीफकेसमधून, पेपरात गुंडाळून थोड्या थोड्या आणायचे. भिंत झाल्यावर रंग असा दिला की शंभर वर्षांचे डाग वाटावेत. कोपऱ्यात चादरींचं कपाट, त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यामागची फळी सरकते, तिथून पोटावर रांगत आत जायचं. आतली खोली ७५ सेंटीमीटर खोल. म्हणजे एक मोठं कपाट समजा. हवेसाठी बाहेरच्या भिंतीला छोटं भोक.

आता तिथे भिंतीचा थोडा भाग उघडा ठेवलाय म्हणून आत काय आहे ते दिसतं. फोटोत बघून काहीच कळत नाही, खरंच सांगते, मी आधी फोटो बघून गेले होते. तिथे उभं राहिलं की पहिल्यांदा कळतं की आपण आपल्या ग्रुपमधल्या माणसांचा श्वास ऐकतोय. टूरमधली दोन पोरं रांगत आत जाऊन आली, मी नाही गेले.

आणि सराव! घरभर घंटीची बटणं बसवली होती, बटण दाबलं की सगळ्यांनी पळायचं, जेवत असतील तर आपली ताटं उचलायची, झोपेत असतील तर गादी उलटी करायची, का, तर गादी गरम लागली तर कुणीतरी आत्ता उठून गेलंय हे कळतं. मला हे वाचून अंगावर काटा आला. पहिल्या सरावाला चार मिनिटं लागली, पुढे ७० सेकंदांवर आले. त्यात एक दम्याची बाई, मेरी, तिला जिना चढायला वेळ लागायचा आणि तिची घरघर भिंतीमागूनही ऐकू आली असती. हिला ठेवायचं की नाही यावर लपलेल्या माणसांनी मतदान केलं. ठेवायचं ठरलं. कोरीला तर रात्री झोपेतून हलवून विचारायचे, तुझे नऊ ज्यू कुठे लपवलेस, आणि ती झोपेत म्हणाली, सध्या सहाच आहेत. तिला खोटं बोलायला शिकवावं लागलं हो, धार्मिक घरातली बाई.

हो, धार्मिक. हे आधीच माहीत असलेलं बरं. हे कट्टर ख्रिस्ती कुटुंब होतं, ज्यू लोक ही देवाची जुनी माणसं आहेत असं कॅस्पर मानायचा, त्यांच्यासाठी जीव गेला तर तो मान समजेन असं म्हणायचा, त्यामुळे टूरमध्ये देव, श्रद्धा, क्षमा हे बरंच येतं. कुणाला प्रवचन वाटेल. आमच्याकडे आई रोज सकाळी यूट्यूबवर कीर्तन लावते, त्यामुळे आम्हाला काही जड गेलं नाही. माझं मत विचाराल तर त्या माणसांना वगळून त्यांची श्रद्धा सांगता येत नाही आणि श्रद्धा वगळून ती माणसं पण नाही, तेव्हा ऐकून घ्या.

२८ फेब्रुवारी १९४४. कोरी तापाने अंथरुणात. सकाळी एक डच माणूस दुकानात आला, बायकोला पकडलंय, पोलिसाला द्यायला ६०० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) हवेत म्हणाला. तिने पैशाची सोय केली. तो खबऱ्या होता. त्या काळी पकडून दिलेल्या ज्यू माणसामागे साडेसात गिल्डर मिळायचे, सुरुवातीचा रेट. धाड पडली तेव्हा घरात नेमकी कोरीच्या भावाची प्रार्थनासभा चालू होती. खिडकीत 'अल्पिना' या स्विस घड्याळाची त्रिकोणी पाटी असायची, पाटी दिसली तर आत या, सगळं ठीक, हा यांचा ठरलेला इशारा. पोलीस घरातच दबा धरून बसले आणि दिवसभरात येईल त्याला पकडत गेले, साधारण तीस माणसं. पाटी अजून आहे म्युझियममध्ये. बघायला विसरू नका, लहानशी आहे, लोक पुढे निघून जातात.

वरच्या भिंतीमागे सहा जण होते, चार ज्यू आणि दोन चळवळीतले. भिंती ठोकल्या, फळ्या उखडल्या, सापडले नाहीत. घराला पहारा बसला. ही सहा माणसं जवळजवळ ४७ तास त्या कपाटात उभी-बसली, मग चळवळीशी जोडलेल्या पोलिसांनीच पहाऱ्याची पाळी साधून त्यांना बाहेर काढलं. गाईड हे सांगत होती तेव्हा अप्पा भिंतीजवळ जाऊन बोटाच्या पेराने टकटक करून बघत होते. मी डोळे वटारले, तर बाई म्हणाल्या, सगळेच करतात.

चार ज्यूंपैकी तीन युद्धातून वाचले. घरच्यांचं काय झालं ते मी थोडक्यात सांगते कारण तिथे ऐकायलाच पाहिजे. कॅस्परला वयाकडे बघून सोडायला तयार होते, तो म्हणाला की घरी गेलो तर उद्या दार ठोठावेल त्याला पुन्हा आत घेईन. दहा दिवसात, ९ मार्चला तो कैदेतच गेला, ८४ वर्षांचा होता. बेट्सी १६ डिसेंबरला जर्मनीतल्या राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत वारली. कोरी तिच्याबरोबरच होती, तिला वर्षअखेरीस सोडलं, तिच्या म्हणण्याप्रमाणे कारकुनाच्या चुकीने, कागदावरची चूक. ती पुढे ९१ व्या वाढदिवशी, १९८३ ला गेली. १९६७ मध्ये इस्रायलच्या याद वाशेमने, म्हणजे ज्यूंच्या नरसंहाराची आठवण जपणाऱ्या संस्थेने, तिचा गौरव केला, बाप आणि बहिणीचा त्यानंतर चाळीस वर्षांनी, हे मला जरा खटकलंच.

पण एक गोष्ट पूर्ण सांगते. कोरी शेव्हेनिंगेनच्या तुरुंगात एकटी कोठडीत होती, लपलेल्यांचं काय झालं तिला काही माहीत नाही. दुसऱ्या बहिणीचं, नॉलीचं, पत्र आलं, सेन्सॉर झालेलं, साधंच. पत्त्यावरचं अक्षर तिला तिरकं, तिकिटाकडे झुकलेलं वाटलं. तिकीट पाण्याने सोडवलं तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, तुझ्या कपाटातली सगळी घड्याळं सुखरूप आहेत.

हे मी अप्पांना मराठीत सांगितलं आणि त्यांनी भिंगाची जुनी सवय म्हणून एक डोळा मिटला, पुसला, आणि काहीच बोलले नाहीत.

जेवणाचं सांगते, चौकातल्या एका पॅनकेकवाल्याकडे आम्ही गेलो तिथे चाळीस मिनिटं कुणी फिरकलं नाही आणि मग आईच्या शाकाहारी पॅनकेकमध्ये बेकन, तिने युसीची आठवण काढली आणि ते बाजूला काढून खाल्लं. तुम्ही डबा न्या. म्युझियम रविवारी-सोमवारी बंद असतं. लहान मुलं नेली तर चालतील, पण दहाच्या खालची कंटाळतील. प्रॅम नेऊ नका, छत्री बाहेर ठेवा, जिन्यात मागच्याला लागते.

निघताना अप्पा खालच्या दुकानात गेले. घ्यायचं काही नव्हतं, नुसतं बघायला. मनगटावरची कांचन काढून भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली, एक मिनिटाचा फरक होता. मी म्हटलं अप्पा लावून घ्या. म्हणाले, सोमवारी बघू.